आगोटीआधी घराकडे पाहू या
(कर्जतजवळील भिसेगाव येथे शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कृषिविद्येचा माणूस भाताच्या जाती आणि खताच्या मात्रा सोडून घराचे पत्रे, चूल आणि विजेचे बिल यांवर बोलायला उभा राहिला, याचे काहींना नवल वाटेल. पण जरा विचार करा. खरिपाचे बियाणे घरातच असते. खताची पोती पडवीत असतात. जनावरांचा पेंढा माळ्यावर किंवा गोठ्यालगत रचलेला असतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात घरावरचे छप्पर गेले तर राबात बी टाकायचे की डोक्यावर ताडपत्री ओढायची? म्हणजे घर हाही शेतीचाच एक भाग आहे. तो धड असेल तरच खरीप धड.

आपल्याकडे पाऊस नवा नाही. कर्जत-खालापुरात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याला पुरतील अशी घरे आपल्या वाडवडिलांनी बांधली होती. उंच जोते, उतरती कौले, कारवीचे कुड आणि पावसाळ्यात पडवीला पेंढ्याची झडप. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे अनुभव आले ते वेगळे आहेत. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि रायगड जिल्ह्यातही हाहाकार उडाला. २७ जुलै २०१९ रोजी आपल्याच उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर उतारूंना बोटींनी बाहेर काढावे लागले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले, जुलैत महाडजवळच्या तळीये गावावर दरड कोसळली. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला भर उन्हातल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. तेही आपल्याच जिल्ह्यात. आणि त्याच वर्षी १९ जुलैच्या रात्री आपल्या शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गाडली गेली. तिच्याविषयी शेवटाकडे बोलू.

वारा, पूर, दरड आणि ऊन अशी ही चार संकटे. त्यांच्या जोडीला पाचवी गोष्ट येते ती म्हणजे अंधार. वादळ झाले की खांब पडतात, तारा तुटतात आणि किनाऱ्याकडच्या गावांत निसर्ग वादळानंतर कित्येक दिवस वीज नव्हती. एक गंमत पाहा. विजेशी आपल्या भागाचे नाते शंभर वर्षांहून जुने आहे. खोपोलीचे टाटांचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. सह्याद्रीवरचे पाणी खाली पडे, वीज तयार होई आणि आपल्या डोक्यावरच्या तारांमधून मुंबईला जाई. आपल्या वाट्याला पाणी आले, त्यावर आपण उन्हाळी भात करतो. हेही काही थोडे नाही. पण घरातला दिवा लागायला पुष्कळ वर्षे जावी लागली, आणि आता लागलेला दिवा वादळात सर्वांत आधी जातो.

म्हणून आजचे दोन प्रश्न असे. घरात लागणारे इंधन आणि वीज कमी कशी करता येईल? आणि दोन्ही बंद पडली तरी आठ-दहा दिवस घर चालते कसे राहील? हे दोन प्रश्न वेगळे वाटतात, पण ज्या घराची गरज कमी, तेच घर अडचणीत जास्त दिवस टिकते.

छपरापासून सुरुवात करू. वादळात छप्पर दाबाने मोडते असा बहुतेकांचा समज आहे. प्रत्यक्षात ते वर खेचले जाते. वारा उतरत्या छपरावरून वेगाने जाताना वरच्या बाजूला ओढ निर्माण होते. त्याच वेळी वाऱ्याच्या बाजूचे दार किंवा खिडकी उघडी राहिली तर आत शिरलेला वारा खालून ढकलतो. वरून ओढ आणि खालून ढकल, अशा दुहेरी जोराने छप्पर उचलले जाते. ही ओढ सर्वांत जास्त असते ती वळचणीला, आढ्यापाशी आणि कोपऱ्यांवर. सपाटीकडे झुकलेल्या कमी उताराच्या छपराला ती अधिक बसते. दुपाखी छपरापेक्षा चौपाखी छप्पर वाऱ्याला चांगले तोंड देते, हे जुन्या घरांनी दाखवून दिलेलेच आहे.

पत्रे असतील तर हूक आणि वायसर आधी तपासावेत. गंजलेला हूक म्हणजे नसलेला हूक. मधल्या भागात हूक जितक्या अंतरावर आहेत, त्याच्या निम्म्या अंतरावर ते कडेच्या ओळींत आणि कोपऱ्यांत असावेत. वायसर रबरी किंवा डांबरी असावा, नाहीतर त्याच भोकातून पाणी झिरपून खालचा वासा कुजतो. एवढ्याने काम संपत नाही. पत्रा वाशाला घट्ट, पण वासा भिंतीवर नुसता टेकलेला, अशी पुष्कळ घरे आहेत. अशा घराचा पत्रा सुटत नाही, पत्र्यासकट वासा उडतो. म्हणून वासा भिंतीवरच्या लाकडाला लोखंडी पट्टीने, आणि ते लाकूड भिंतीत गाडलेल्या सळईने जखडलेले असावे. पत्रा, वासा, भिंत आणि पाया ही एक साखळी आहे. तिच्यातली जी कडी ढिली असेल तिथेच ती तुटते.

कौलारू घर असेल तर वळचणीच्या दोन ओळी, आढ्याची कौले आणि बाजूच्या कडा तारेने रिपांना बांधून घ्याव्यात. सगळी कौले बांधायची गरज नाही.

वळचण किती बाहेर काढावी, हा आपल्याकडे पेचाचा प्रश्न आहे. वादळाच्या दृष्टीने ती दीड फुटापेक्षा जास्त नसावी असे सांगतात. पण आपल्या पावसात दीड फुटाची वळचण भिंत वाचवत नाही, विशेषतः मातीची किंवा चिऱ्याची. यावर तोडगा असा की पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे बांधावे. दिसायला सलग दिसले तरी वासे वेगळे असावेत. मोठ्या वाऱ्यात पडवी गेली तर ती एकटी जाईल, घर ओढून नेणार नाही. नवे बांधकाम काढणाऱ्यांनी ही गोष्ट सुताराला आधीच सांगावी, नंतर बदल करणे महाग पडते.

पत्र्यावर दगड, जुने टायर किंवा वाळूची पोती ठेवण्याची पद्धत मला मुळीच पसंत नाही. साध्या वाऱ्याला ती चालते. शंभर किलोमीटरच्या वाऱ्यात तोच दगड शेजारच्या घरात जातो. त्यापेक्षा छपरावरून आडवा दोर किंवा जाळे टाकून ते जमिनीतल्या खुंट्यांना ताणून बांधावे. गोठ्यासाठी तर हाच उपाय स्वस्त आहे. घराजवळच्या आंब्याच्या, शिरीषाच्या फांद्या मे महिन्यातच उतरवाव्यात. त्यातून सरपणही मिळते. वादळ चालू असताना वारा एकाएकी थांबला तर बाहेर पडू नये. वादळाचा मध्य डोक्यावर आला की असे घडते आणि थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने येतो.

तोच पत्रा एप्रिल-मे महिन्यांत घराची भट्टी करतो. यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पांढरा रंग. चुना रात्रभर पाण्यात विरवून गाळून घ्यावा, त्यात चिकटपणासाठी थोडा सरस किंवा फेविकॉल घालावा आणि मार्चमध्ये पत्र्याला किंवा स्लॅबला दोन हात द्यावेत. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो आणि घरात दोन-तीन अंशांचा फरक पडतो. पावसाने चुना धुऊन जातो, म्हणून हे काम दर वर्षी करावे लागते. पण त्याला लागणारा खर्च आणि पंख्याचे एका महिन्याचे बिल यांची तुलना करा. पत्र्याखाली बांबूच्या चटईचे किंवा कारवीचे आच्छादन टांगले तर आणखी फायदा होतो. पत्रा आणि चटई यांच्यामध्ये वीतभर पोकळी ठेवून दोन्ही टोकांना ती उघडी सोडावी, म्हणजे तापलेली हवा निघून जाते. तिथे पेंढा भरू नये. उंदीर होतात आणि आगीची भीती राहते.

पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते आणि रात्री उशिरापर्यंत धग सोडते. तिच्यापुढे तीन-चार फूट अंतर ठेवून मांडव घालावा आणि दुधी, कारली, घोसाळी यांचे वेल चढवावेत. परसबागेची भाजी आणि भिंतीला सावली, दोन्ही एकाच पाण्यात. यासाठी वेलांची लागवड जानेवारीतच करावी, म्हणजे मार्चअखेर मांडव भरलेला असतो.

पाण्याच्या कूलरविषयी अनेकजण विचारतात. कूलर पाण्याच्या वाफेवर चालतो. मार्चमध्ये पूर्वेकडून कोरडे वारे येतात त्या दिवसांत तो आपल्याकडे काम देतो. मे महिन्यात हवा दमट होते तेव्हा तो घर थंड करत नाही, नुसती ओल वाढवतो. घामही तेव्हा सुकत नाही, म्हणून दमट उन्हाळा शरीराला अधिक घातक असतो. त्या दिवसांत दुपारी बारा ते चार शेतात राबू नये आणि म्हाताऱ्या माणसांना पत्र्याच्या खोलीत झोपवू नये.

आता विजेच्या बिलाचा हिशेब. साठ वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिट जातात. तेवढाच उजेड देणाऱ्या नऊ वॅटच्या एलईडी दिव्याला सव्वा ते दीड युनिट पुरते. २०१५ पासून सरकारी योजनेतून हे दिवे स्वस्तात मिळाले आणि घराघरांत गेले, त्यामुळे तो विषय बहुतेकांचा संपलेला आहे. पंख्याचा संपलेला नाही. साधा छताचा पंखा ७५ वॅट घेतो. रोज १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिट झाली. नव्या प्रकारचा, बीएलडीसी मोटारीचा पंखा ३० वॅट घेतो, म्हणजे ११ युनिट. घरात तीन पंखे असतील तर फरक जवळजवळ ५० युनिटांचा पडतो. पहिल्या १०० युनिटांनंतर विजेचा दर एकदम चढतो हे आपण जाणताच. त्या उंबरठ्याच्या अलीकडे राहणे हीच खरी बचत. नवा पंखा महाग आहे हे खरे. जो पंखा सर्वांत जास्त तास फिरतो, तो आधी बदलावा.

याच नव्या पंख्याचा दुसरा उपयोग आहे. वीज गेल्यावर इन्व्हर्टरची तीच बॅटरी त्याला दुपटीहून अधिक वेळ पुरते.

सौर विजेकडे वळू. २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत घराच्या छतावरील संचाला पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येकी ३० हजार रुपये आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला एकूण ७८ हजार रुपये अनुदान ठरवण्यात आले. अर्ज करण्यापूर्वी चालू नियम विचारून घ्यावेत. एक किलोवॉटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज देतो. जुलै-ऑगस्टच्या झडीत ती बरीच उतरते, आणि हिवाळा-उन्हाळ्यात भरून निघते.

मात्र एक गोष्ट विक्रेते सहसा आपणहून सांगत नाहीत. वीज मंडळाच्या तारेला जोडलेला साधा सौर संच, बाहेरची वीज गेली की आपोआप बंद होतो. ऊन कितीही असो. खांबावर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये म्हणून तशी रचनाच असते आणि ती योग्यच आहे. पण वादळानंतर आपल्या घरी दिवा लागेल या भरवशावर कोणी तो बसवला असेल तर त्याची निराशा होते. अंधारात उपयोगी पडायचा असेल तर बॅटरी जोडता येणारा संच घ्यावा लागतो, त्याची किंमत जास्त असते. ज्यांना ते परवडत नाही त्यांनी ५० वॅटची एक पाटी, लहान बॅटरी आणि तीन दिवे एवढा वेगळा संच ठेवावा. चांगल्या उन्हात ती पाटी दिवसाला २०० वॅट-तास वीज देते. पाच वॅटचे तीन दिवे पाच तास आणि दोन मोबाईल भरायला साधारण १०० वॅट-तास लागतात. ढगाळ दिवसांत एकच दिवा लावावा. आठवडाभर अंधार असला तरी घरात उजेड आणि हातात चालू मोबाईल राहतो, आणि पुराची सूचना त्या मोबाईलवरच येणार असते. पाट्या पत्र्यावर बसवायच्या असल्या तर आधी सांगितलेली साखळी आठवावी. पाटी म्हणजे वाऱ्याला दिलेले शीडच.

भगिनींसाठी आता चुलीचा विषय, आणि खरे तर तो बंधूंनीही ऐकायचा आहे, कारण चूल बांधायचा खर्च तेच नाकारतात. उज्ज्वला योजनेने २०१६ पासून गॅस पुष्कळ घरांत आणला, तरी पाणी तापवणे, भाकऱ्या, जनावरांचे आंबोण यांसाठी चूल पेटतेच. तीन दगडांच्या चुलीत लाकडातली जेमतेम दहावा हिस्सा उष्णता भांड्याला मिळते. बाकीची भिंतींना, हवेला आणि डोळ्यांना. सुधारित चूल साधारण दुप्पट काम देते. राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८३ साली सुरू झाला आणि २००२ साली बंद पडला. त्या काळात बांधलेल्या पुष्कळ चुली पुढे मोडल्या, कारण धुरांडे साफ केले गेले नाही आणि मोठे पातेले बसत नाही म्हणून बायकांनी तोंड फोडून मोठे केले. दोष बायकांचा नव्हे. आपल्या घरातले सर्वांत मोठे पातेले कोणते, हे चूल बांधणाऱ्याने आधी विचारायला हवे होते. आजही सुधारित चूल बांधून घेताना आपली भांडी समोर ठेवावीत, तळाला लोखंडी जाळी घालावी म्हणजे खालून हवा मिळते, आणि धुरांडे दर पंधरवड्याला झटकावे.

चूल कोणतीही असो, ओले लाकूड हा तोटाच. त्यातले पाणी वाफ होण्यात उष्णता जाते, धूर वाढतो. आगोटीची बेगमी करताना आपण मीठ-मसाला, सुकी मासळी, कडधान्ये भरतो, तसे सरपण मेच्या पहिल्या पंधरवड्यातच फोडून, जमिनीपासून हातभर उंच फळीवर, छपराखाली रचावे. जाड ओंडक्यांपेक्षा मनगटाएवढे फाटे चांगले जळतात.

आणखी एक साधी युक्ती आपल्याच पेंढ्याची आहे. एक लाकडी खोके किंवा मोठी टोपली घ्यावी. तळाला आणि चारी बाजूंनी वीतभर कोरडा पेंढा दाबून भरावा आणि मध्ये पातेल्याएवढी जागा ठेवावी. तांदळाला उकळी येऊन पाच मिनिटे झाली की झाकण घट्ट लावून पातेले त्यात ठेवावे आणि वरून पेंढा भरलेली उशी दाबावी. पाऊण ते एक तासात भात होतो. भिजवलेली डाळ दहा-पंधरा मिनिटे उकळून ठेवली तर दोन तासांत शिजते. पाणी नेहमीपेक्षा थोडे कमी घालावे, कारण वाफ जात नाही. डाळ खाण्याआधी एकदा उकळावी आणि अन्न चार तासांपेक्षा जास्त वेळ खोक्यात ठेवू नये. सिलिंडर संपत आलेला असताना आणि रस्ता बंद असताना या खोक्याची किंमत कळते. लावणीच्या दिवसांत सकाळी भात-डाळ ठेवून बाई शेतावर जाऊ शकते, हा वेगळा फायदा.

गिरणीतून मिळणारा भाताचा तूसही इंधनच आहे. भाताच्या वजनाचा साधारण पाचवा भाग तूस असतो, म्हणजे वीस क्विंटल भातामागे चार क्विंटल. तुसाच्या शेगडीत तो ठासून भरला तर तास-दीड तास जळतो. आपण तो बांधावर ओतून देतो.

गोबर गॅसविषयी मी जरा जास्त वेळ घेणार आहे. एक घनमीटर गॅसला रोज २५ किलो ताजे शेण लागते. पाच-सहा माणसांच्या स्वयंपाकाला दोन घनमीटरचे दीनबंधू पद्धतीचे संयंत्र पुरते, म्हणजे ५० किलो शेण हवे. पुस्तकात एका जनावरामागे १० किलो शेण धरतात. आपली कोकणातली लहान चणीची जनावरे, तीही दिवसा चरायला सोडलेली, त्यांचे गोठ्यात सहा-सात किलोच हाती येते. तेव्हा पाच नव्हे, सात-आठ जनावरे असतील तरच दोन घनमीटरचा विचार करावा. कमी असतील तर एक घनमीटरचे बांधावे. मोठे संयंत्र बांधून अर्धे उपाशी ठेवण्यापेक्षा लहान आणि पोटभर बरे. शेण आणि पाणी समप्रमाणात कालवावे. एक घनमीटर गॅस सुमारे साडेतीन किलो लाकडाचे किंवा ४३० ग्रॅम सिलिंडरच्या गॅसचे काम देतो. दोन घनमीटरचे संयंत्र पूर्ण चालले तर महिन्याला पावणेदोन सिलिंडर होतात. पूर्ण क्षमतेने ते रोज चालत नाही, म्हणून महिन्याला एक सिलिंडर वाचतो असा हिशेब धरावा.

आपल्या भागात संयंत्र फसते ते जागेमुळे. खाचराच्या कडेला पावसाळ्यात पाणी जमिनीलगत येते. तिथे खड्डा खोदून संयंत्र बांधले तर बाहेरच्या पाण्याच्या दाबाने घुमटाला तडे जातात. जागा जोत्याच्या पातळीची, उंच, उन्हाची आणि विहिरीपासून निदान ५० फूट दूर असावी. पावसाळ्यात संयंत्र रिकामे करू नये. आतली राबडीच बाहेरचा दाब तोलून धरते. नळीत पाणी साचते ते आठवड्याला काढावे. आणि संयंत्राच्या आत कोणत्याही कारणाने माणूस उतरू नये, त्यात माणसे मेलेली आहेत.

इथे प्रश्न येतो राबाचा. शेण आणि झाडांच्या फांद्या आपण राब भाजायला वापरतो. तेच शेण संयंत्रात घातले तर राबाला काय? भाजणीने तण मरते आणि रोप जोमाने येते, हे खरे आहे. पण शेण जाळल्याने त्यातले नत्र हवेत जाते. संयंत्रातून बाहेर येणाऱ्या राबडीत नत्र टिकून असते. ती वाळवून किंवा पातळ करून गादीवाफ्यावर टाकली तर भाजणीशिवाय चांगले रोप तयार होते, मात्र तणाकडे लक्ष द्यावे लागते. आपल्याच तालुक्यात नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेल्या एसआरटी पद्धतीत तर कायमच्या गादीवाफ्यांवर भात टोकतात. राब नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही. सर्वांनी लगेच सगळे बदलावे असे मी म्हणत नाही. निदान एका खाचरावर करून पाहावे आणि वाचलेले शेण संयंत्राला द्यावे.

पाण्याविषयी थोडक्यात. पन्नास चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की ५० लिटर पाणी होते. आपल्या पावसाने वर्षाला पावणेदोन लाख लिटर. आणि एप्रिलमध्ये त्याच घरातली बाई हंडा घेऊन निघते. सगळे साठवता येणार नाही, पण दहा हजार लिटरची बंद टाकी पाच माणसांना दरडोई २० लिटरप्रमाणे शंभर दिवस पुरते. पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी टाकीत घेऊ नये. चुना लावलेल्या पत्र्याचे पाणी असेल तर छप्पर स्वच्छ धुऊन जाईपर्यंत थांबावे.

नदीकाठच्यांनी पुराच्या पाण्याची जुनी खूण भिंतीवर रंगवून ठेवावी. मीटर, मेन स्विच, बोर्ड आणि इन्व्हर्टरची बॅटरी त्या खुणेच्या वर हवी. पाणी अंगणात येताच मेन स्विच बंद करावा, ओल्या पायांनी नव्हे. बुडालेली वायरिंग आणि मोटर सुकवून तपासल्याशिवाय चालू करू नये. ३० मिलिअँपिअरचा गळती-विद्युत रोधक बसवला तर शॉकने होणारे मृत्यू टळतात. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावे. भरलेला सिलिंडरसुद्धा पुरात तरंगतो, म्हणून रेग्युलेटर काढून, टोपी लावून तो खांबाला बांधावा. विजा चमकू लागल्या की झाडाखाली किंवा खाचरात उभे राहू नये. पुण्याच्या हवामान संस्थेने तयार केलेले दामिनी ॲप मोबाईलवर आसपासच्या विजेची सूचना देते.

दरडीपुढे मात्र यातले काहीही चालत नाही. इर्शाळवाडीत २७ मृतदेह सापडले आणि ५७ माणसे अखेरपर्यंत मिळाली नाहीत. धोक्याच्या गावांच्या यादीत त्या वाडीचे नाव नव्हते. म्हणून आपले गाव यादीत नाही या समाधानावर डोंगराखाली कोणी राहू नये. घराच्या वरच्या उतारावर नव्या भेगा दिसणे, झाडे किंवा खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकदम गढूळ होणे किंवा थांबणे, दारे-खिडक्या अचानक अडकू लागणे, यांपैकी एकही खूण सततच्या पावसात दिसली की त्याच दिवशी, उजेड असताना, माणसे आणि जनावरे खाली हलवावीत. रात्री पाहू म्हणून थांबू नये. उताराच्या पायथ्याशी माती कापून घर वाढवू नये. गावातले एक घर किंवा शाळा आधीच ठरवून ठेवावी, जिथे मागे न पाहता जाता येईल.

शेवटी बियाणे. चांगले वाळलेले, दातांखाली कट् वाजणारे भात जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मगच कणगीत किंवा पिंपात घालावे. पिंप माळ्यावर, पण छपराच्या कोपऱ्याखाली नको, कारण पहिली गळती तिथेच होते. निम्मे बियाणे आपल्याकडे आणि निम्मे उंचावरच्या नातेवाइकाकडे ठेवणारी घरे मी पाहिली आहेत, ती पद्धत उत्तम. सातबारा, बँकेचे पुस्तक आणि जनावरांच्या विम्याची कागदपत्रे त्याच पिंपात एका वेगळ्या पिशवीत असावीत.

गंजलेले आणि नवे हूक, वायसर आणि वासा बांधायची लोखंडी पट्टी मी सोबत आणली आहे. पेंढ्याचे खोके मागच्या टेबलावर आहे, त्यात सकाळी अकरा वाजता ठेवलेला भात आहे. तो उघडून पाहा, आणि मग तुमचे प्रश्न घेऊ.